दाट द्रावण

बोरगावच्या धाग्याच्या कारखान्यात सुचिताचं काम तसं कंटाळवाणंच. कापसाचा लगदा रसायनात विरघळून दाट द्रावण होई. त्याचा थेंब दोन काचांत दाबायचा, वरची काच खालचीवर घासायची आणि सूक्ष्मदर्शकात बघायचं. त्यातले रेणू काड्यांसारखे लांबट. दाटी झाली की शेजारचा वळेल तिकडे दुसराही वळतो. काच घासली की सगळे घासल्या दिशेला लागतात, थांबली की चमकदार पट्टे उमटतात, आणि चहा होईस्तोवर विरून जातात.

त्या सोमवारी ते विरलेच नाहीत. सगळ्या काड्या दक्षिणोत्तर. सुचिताने काच फिरवली, तर हळूहळू फिरून त्या पुन्हा तशाच लागल्या.

"चुंबक असंल कुठं तरी," मॅनेजर रघुनाथराव म्हणाले.

"कापसाले चुंबक काय करंल, साहेब?"

"मंग मले काहून विचारून राहिल्या?" ते हसले, आणि माल पुढे गेला.

पुढे द्रावणाच्या हौदावर तिचा नवरा होता, गौतम. रात्रपाळी करून तो दिवसा सौंसरला घरी झोपायचा, पूर्वेला डोकं करून. बुधवारी ती घरी आली तर गौतम पलंगावर आडवा, पाय दक्षिणेला. तसे पाय मेलेल्या माणसाचे ठेवतात. तिने त्याला ओढून सरळ केलं. पाणी पिऊन आली, तोवर पाय परत तिकडेच.

"अहो, असे काहून वळून राहिले?"

"मी कुठं वळून राहिलो? झोपू दे ना वं."

तिने त्याला काम सोडायला लावलं. काही उपयोग झाला नाही. उठवायला रोज जास्त हलवावं लागे. हलवत राहिलं की अंग सैल होई, दोन शब्द बोले, घोटभर चहाही घेई. हात काढला की पुन्हा घट्ट. दाट द्रावणही ढवळलं की सैल होतं, थांबलं की घट्ट, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण त्या माहितीचं करायचं काय, ते तिला कळेना.

शेवटी दवाखान्यात आणलं. तपासण्या साऱ्या चांगल्या आल्या. वॉर्डात इतकी गर्दी की खाटेला खाट लागलेली. सुचिता स्टुलावर बसून दिवसभर त्याचा खांदा हलवत राहिली. थांबायची भीती वाटत होती.

दुपारी तिने मान वर केली.

शेजारच्या खाटेवरचे रामाजी, पाय मोडलेले म्हातारे, तिरपे झाले होते. प्लास्टरचा पाय खाटेबाहेर, दक्षिणेला.

त्यांच्या पलीकडचाही तसाच.

त्याच्या पलीकडचाही.

"सिस्टर," ती कशीबशी म्हणाली, "हे सगळे पाहा ना."

नर्सने वॉर्डभर नजर फिरवली. मग जवळ येऊन तिच्या मनगटावर मायेने हात ठेवला.

"सगळे बराबर एकाच दिशेले झोपले हायेत, ताई. तुमीच कवाच्या तुमच्या मालकाले वाकडं करून राहिल्या."

तिने सुचिताचा हात गौतमच्या खांद्यावरच धरून ठेवला. फार जोरात नाही. तो सोडवण्याइतकंही बळ सुचितात उरलं नव्हतं. तिच्या तळव्याखाली तो खांदा हळूहळू घट्ट होत गेला.