आखूड पिन

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, हे ऐसपैस गृहस्थ. जेवणाच्या टेबलाशी त्यांची खुर्ची भिंतीला टेकलेली आणि त्या भिंतीवर नेमकं कॅलेंडर. ताईला तारीख हवी असली की ती म्हणते, "अहो, जरा सरका." भावजी सरकत नाहीत. अंदाजाने तारीख सांगतात, तीही चुकीची. "पन्नास वर्षांच्या संसारात मी कॅलेंडर अर्धंच पाहिलंय," अशी ताईची तक्रार आहे, आणि भावजी ती स्तुती समजून ऐकतात.

त्यांची दुसरी खोड म्हणजे बिघडलेली वस्तू बिघडलेलीच राहिली तर त्यांना अन्न गोड लागत नाही. आमच्याकडचा पंखा त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून तो फक्त थंडीत चालतो.

त्यांच्या घरात सर्वांत जुनी बिघडलेली वस्तू म्हणजे त्यांच्या वडिलांचं, तात्यांचं, जर्मन पिस्तूल. तात्या दुसऱ्या महायुद्धात लढले होते. एका पडक्या शाळेच्या जिन्यावर त्यांची आणि एका जर्मन शिपायाची अचानक गाठ पडली. शिपायाने पिस्तूल रोखून चाप ओढला. टक्. वरचा सांधा मागे खेचून पुन्हा ओढला. टक्. मग तो हसला, कातडी म्यानासकट पिस्तूल त्याने तात्यांच्या हातात दिलं आणि म्यानावर थापा मारत स्वतःच्या भाषेत काहीतरी सांगत राहिला. तात्यांना वाटलं, कातड्याचं कौतुक करतोय. ते परत आले, दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं आणि मग भावजी.

"म्हणजे ते पिस्तूल नीट चाललं असतं तर मी नसतो!" हे वाक्य भावजींनी कुठल्याही समारंभात चुकवलेलं नाही. पुढचं वाक्य अलीकडचं : "पण ते उडालं का नाही, एवढं मरायच्या आत कळलं पाहिजे."

म्हणून मी त्यांना माझ्या मित्राकडे नेलं. चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करणाऱ्या या माणसाला आम्ही चाप म्हणतो, कारण तो तोंडाला कायम चाप लावून असतो. त्याचं दुकान म्हणजे दोन जिने उतरून गेल्यावर लागणारी एक लांबट खोली. दिव्याखाली काम करायचं टेबल, त्यावर हिरवं जाड कापड, तेलाचा वास, आणि समोरच्या भिंतीवर त्याने स्वतः रंगवलेली पाटी : 'नळीसमोर उभे राहू नये'.

चापने म्यान उघडून एकदा पाहिलं. "लुगर."

"एवढ्यात ओळखलंत?" भावजी म्हणाले.

"ही पाठ बघा." त्याने वरचा सांधा ओढला. गुडघा मुडपावा तसा तो वर मुडपला. मग नळीच्या मुळाशी कोरलेलं साल दाखवलं, बाजूला तपासनिसाने ठोकलेलं इवलंसं पाखरू दाखवलं. आत गोळी नव्हती. भावजींच्या घरात गोळी कधीच नव्हती. नळी तपासायला त्याने दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा तिरका आरसा मागच्या बाजूने आत धरला. समोरून टॉर्च धरण्याचं काम भावजींकडे होतं. त्यांनी टॉर्च धरता धरता वाकून नळीत डोकावलं.

"तुमचा डोळा दिसतोय," चाप म्हणाला. "बाजूला व्हा. पाटी वाचा."

"वाचली. अक्षर चांगलं आहे तुमचं."

मग सुटे भाग निघू लागले. या पिस्तुलात जवळजवळ प्रत्येक भागावर त्याच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. चाप भिंग लावून वाचत होता, मी वहीत लिहीत होतो. वर्गात हजेरी चालावी तसं. त्र्याहत्तर. त्र्याहत्तर. त्र्याहत्तर. शेवटी त्याने स्क्रू-ड्रायव्हर घालून किंचित फिरवला आणि गोळीच्या बुडावर आपटणारी पिन बाहेर काढली.

"चौदा."

"हा पाहुणा कुठून आला?" मी विचारलं.

चापने पिन मोजली. "दुसऱ्या पिस्तुलाची. केसभर आखूड. गोळीपर्यंत पोचतच नाही."

भावजी खुर्चीतून उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "एका केसावर जन्मलोय मी!" ते म्हणाले. अर्थात, एवढ्यावर थांबले तर ते भावजी कसले? त्यांनी म्यान उचललं आणि झाकणाखालच्या छोट्या खिशात बोट घातलं. तेलकट चिंधीची एक गुंडाळी निघाली. तिच्यात एक पिन. चापने भिंग लावलं.

"त्र्याहत्तर."

त्या जिन्यावरचा शिपाई म्यानावर का थापा मारत होता, हे आम्हाला ऐंशी वर्षांनी कळत होतं. पिन त्याने स्वतः बदलली होती की आणखी कुणी, हे विचारायला आता कुणी उरलेलं नव्हतं.

"घाला की मग ही," भावजी म्हणाले. "होऊन जाऊ दे नीट."

चापने ती घातली. सगळं जोडलं. आणि पिस्तुलाच्या पाठीकडे बघत बसला.

लुगरच्या पाठीवर एक छोटी पत्ती असते. आत गोळी असली की ती वर उचलली जाते आणि तिच्या कडेला कोरलेला जर्मन शब्द दिसतो. अर्थ : भरलेलं. पत्ती वर होती.

चापने उघडून पाहिलं. रिकामं. मिटलं. पत्ती वर. चौदाची पिन घातली, पत्ती खाली. त्र्याहत्तरची घातली, वर.

"अडकत असेल," मी म्हणालो. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण चाळीस वर्षं वर्तमानपत्रात भुताखेतांची टिंगल केलेल्या माणसाला काहीतरी म्हणावंच लागतं.

चापने सांधा ओढून उघडाच ठेवला आणि आरसा आत धरला. भावजी सवयीने टॉर्च घेऊन पुढे झाले आणि पुन्हा वाकले.

या वेळी चाप रागावला नाही.

त्याने आरसा माझ्या हातात दिला. मी पाहिलं. टॉर्चचा उजेड होता. त्यामागे भिंतीवरच्या पाटीची उलटी अक्षरं होती, स्वच्छ. मध्ये काही नव्हतं.

"दिसतोय का मी?" भावजींनी विचारलं. आवाज अगदी समोरून आला.

चापने पिन काढली. चौदाची घातली. मी पुन्हा पाहिलं. डोळा होता. मिश्कील, पाणावलेला.

"ही दुसरी पिन वापरू नका," चाप म्हणाला. "तडा आहे तिला."

"कुठाय तडा?"

"डोळ्याला दिसत नाही."

भावजींच्या चेहऱ्यावर पंख्याच्या वेळचा भाव आला. मी ओळखायला हवा होता.

ते पिस्तूल घेऊन जिना चढून गेल्यावर चापने त्र्याहत्तरची पिन कागदाच्या पुडीत बांधून मला दिली. "तू ठेव. तुझ्या घरात ठेवलेलं कुणाला सापडत नाही."

"आपण काय पाहिलं रे?"

"आरसा जुना आहे."

"मग नवा घे."

"घेईन. पण बघणार तू."

पुडी मी टेबलाच्या खणात टाकली. भावजींना काय सांगणार? 'तुम्ही आरशात दिसत नाही'? ते आनंदाने पुढच्या समारंभात सांगत सुटले असते.

रविवारी ते माझ्याकडे आले; ती आखूड पिन आता कुणालाही दाखवायला त्यांच्या खिशातच असायची. गप्पा झाल्या. त्यांना पत्रासाठी पाकीट हवं होतं. "खणात बघा," म्हणत मी चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो तर ते चपला घालत होते. चहा न घेता गेलेले भावजी मी पहिल्यांदाच पाहिले.

आज दुपारी पेन्शनचा कागद शोधताना ती पुडी हाताला लागली. न शोधता सापडलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली वस्तू. सहज उघडली. भिंग घेतलं.

चौदा.

मी ताईला फोन लावला.

"भावजी कुठे आहेत?"

"कुठे असणार? माझ्या समोर, खुर्चीत. सकाळपासून ते पिस्तूल उसवून बसले होते. आत्ता कुठे जोडून झालं. म्हणतात, जमलं."

"चाप ओढू नका म्हणावं. आधी फोन दे त्यांना."

"अहो, घ्या. तुमचा मेव्हणा—"

पलीकडे टक् असा आवाज झाला. अगदी बारीक.

मग फोन टेबलावर आपटला. तो ताईनेच उचलला.

"अरे," ती हळूच म्हणाली, "आज एकवीस तारीख आहे. कॅलेंडर अख्खं दिसतंय मला."