बावखलावरचा भराव

मी स्थळपाहणीचं काम करते. घराभोवती बाग करायची असो की जमीन उंच करायची असो, मातीचा भराव टाकण्याआधी परवानगी लागते, आणि परवानगीआधी कुणीतरी जाऊन जागा बघावी लागते. आमच्या भागात ती मी बघते.

मार्चमधली दुपार होती. वसईच्या पश्चिमेकडचं गाव. नाव सांगत नाही. चंद्रहासरावांची वाडी केळी, सुपारी आणि मोगऱ्याने भरलेली, मधोमध त्यांचं घर. अर्ज साधा होता. घरामागे हिरवळ करायची, त्यासाठी भराव. मातीचे चाळीस ट्रक.

"एवढ्याशा जागेला चाळीस?" मी विचारलं.

"खचतं मॅडम." चंद्रहासराव पन्नाशी उलटलेले, हळू बोलणारे. "दर पावसाळ्यानंतर खचतं. मी माती टाकतो, ती खाली जाते."

"जुन्या नकाशात इथे बावखल दाखवलंय. पावसाचं गोडं पाणी धरणारं तळं ते. बुजवायला परवानगी मिळत नाही."

"ते बाबांनीच बुजवलं. अठ्ठेचाळीस वर्षं झाली." इतकं बोलून ते फोन घ्यायला पुढच्या अंगणात गेले.

मी मागे आले. जागा परातीसारखी गोल, मधे खोलगट. बाजूची केळीची पानं वाऱ्याने फडफडत होती, पण त्या गोलातलं गवत हलत नव्हतं. माती भेगाळलेली, तरी वास मात्र शेवाळाचा. ओला, जुना.

मोजमाप घ्यायचं होतं. मागे बांगड्या वाजल्या. चंद्रहासरावांच्या पत्नी प्रेमलतावहिनी मघाशी दारातच उभ्या होत्या, त्याच आल्या असं वाटलं. "वहिनी, एवढं टोक धरा," म्हणत मी न बघताच टेपचं टोक मागे दिलं. हाताला हात लागला. गार होता. मी नकाशाकडे बघत पलीकडच्या काठावर गेले, टेप ताणला, आकडा वाचू लागले.

"मॅडम, चहा."

प्रेमलतावहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. हातात ट्रे.

मी समोर बघितलं. ज्या काठावर मी टोक दिलं होतं, तिथे कुणी नव्हतं. टेप खोलगट भागाच्या मध्यावर जमिनीत शिरला होता… आणि ताठ होता. मी जागची हलले नव्हते, तरी डबीतून तो सुटत होता. अकरा मीटर… बारा… तेरा…

माझ्या हातून डबी पडली. टेप सैल झाला. वहिनींनी तो सावकाश ओढून घेतला. शेवटचे तीन-चार मीटर ओले होते.

"तुम्हालाही?" त्या पुटपुटल्या.

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. "आमच्या सासूबाई पहाटे पाण्याला यायच्या. त्या दिवशी उजाडायच्या आधीच मातीचे ट्रक आले. नंतर त्या कुणाला दिसल्या नाहीत. सासरे म्हणाले, भांडून माहेरी गेली. माहेरी त्या पोचल्याच नव्हत्या… विचारणार कोण?"

चंद्रहासराव कधी मागे येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी ओला टेप बघितला आणि खालीच बसले.

"मी सहा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "खिडकीत उभा होतो. माती पडत होती… आणि आई मला हाक मारत होती. खालून. मी बाबांना बोललो नाही. त्यांची भीती वाटायची. हाक अजून येते मॅडम. म्हणून मी माती टाकत राहतो."

अहवालात लिहिलं: जागेवर बावखल आहे, भरावास परवानगी देऊ नये. अहवाल त्यांना वाचून दाखवला. त्यावर त्यांनी विचारलं, "काढायची असेल तर? माती काढायला परवानगी मिळेल?"

ती मिळाली. एप्रिलमध्ये खोदाई झाली. पोलिसही येऊन उभे होते. खाली दगडी पायऱ्या लागल्या, शेवटच्या पायरीवर एक तांब्याची कळशी. हाडं मात्र मिळाली नाहीत. एकही नाही. चंद्रहासरावांनी काठावर बसून आईचे विधी केले आणि लहान मुलासारखे हमसून रडले. दुसऱ्या दिवशी पाणी वर आलं. स्वच्छ, गोडं.

जूनच्या आरंभी काम पूर्ण झाल्याची पाहणी करायला मी गेले. बावखल सुरेख दिसत होतं. चंद्रहासराव मुलाला शेजारी घेऊन ओटीवर बसले होते, चेहरा निवांत. हाक थांबली, म्हणाले. मलाही बरं वाटलं.

प्रेमलतावहिनी फाटकापर्यंत सोडायला आल्या. फाटक लावताना त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"मॅडम, हे रोज सकाळी उठतात ना… तेव्हा यांच्या केसांना तेल लावलेलं असतं. भांग पाडलेला. शाळेत जाणाऱ्या पोराचा पाडतात तसा, चापून." त्यांनी ओटीकडे बघितलं. "मी नाही पाडत. यांना तर ते आरशातही दिसत नाही. आणि काल… काल माझ्या मुलाचाही तसाच पाडलेला होता."