डाव्या हाताची वर्तुळं

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या आत्याच्या गाडीवर ओणवा होऊन टॉर्च मारत होता. भर दुपारी!

"ओ! काय चाललंय तिथे?" मी इमारतीच्या मागच्या छपराखाली धावतच गेले.

तो दचकलाही नाही. मला तेच खटकलं. सरळ माणूस आधी दचकतो, असं आत्या म्हणते, आणि संशय कसा घ्यावा हे आत्याकडून शिकावं.

"जाळं बघतोय," तो म्हणाला.

"कसलं जाळं?"

"या ना... इथे उभ्या राहा. अशा."

मी मुळीच अशी उभी राहिले नाही. आधी मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला, पुरावा म्हणून. तर या माणसाने चक्क केस सारखे केले आणि हसला.

तो रंगारी होता, गाड्यांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची गाडी रंगवून पोचवायला आला होता. म्हणजे असं तो म्हणाला. मग त्याने पुन्हा टॉर्च मारला आणि मला जाळं दिसलं. काळ्याभोर बॉनेटवर, उजेडाभोवती, हजारो बारीक गोल गोल ओरखडे! माझं आता काही खरं नव्हतं.

कारण गाडी आत्याची होती. मी घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. पहाटे निघायचं, नऊच्या आत पंधरा-सोळा घरं. गाडी नाही तर नोकरी नाही. आत्या दोन महिने मैत्रिणीकडे राहायला गेली, तेव्हा माझ्या तळहातावर किल्ली ठेवून म्हणाली होती, "आहे तशी दिसली तर गाडी तुझ्या नावावर करीन. एक चरा दिसला तर पुन्हा किल्लीचं नाव काढायचं नाही." ती रविवारी येणार होती, आणि आज सोमवार.

"हे तुम्ही केलंत!" मी म्हणाले.

"मी? टॉर्चने?"

"कशानेही! आधी खराब करायचं, मग दुरुस्तीला गिऱ्हाईक पकडायचं. कळतं मला."

तो रागावला नाही. (हेही खटकलं.) बॉनेटला न टेकवता त्याने एक बोट हवेतूनच त्या रेघांवरून फिरवलं. "ही सगळी वळणं एकाच बाजूला झुकलीत बघा. डाव्या खांद्यातून निघालेली. कुणीतरी डावखुरं माणूस रोज कोरड्या फडक्याने धूळ पुसतंय... अगदी जीव लावून."

मग त्याने माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. तो डाव्या हातात होता. मी झटकन उजव्या हातात घेतला, आणि तो इतक्या जोरात हसला की मलाच ओशाळायला झालं.

रोज सकाळी गाडी लखलखीत राहावी म्हणून मीच गोल गोल घासत होते. आणि धुळीचा एकेक कण कागदावर पेन्सिल फिरवावी तसा फिरत होता!

"रविवारपर्यंत निघेल?" आत्याची अट सांगून मी विचारलं. आवाज जरा रडवेला झाला असावा, कारण त्याने हसणं थांबवलं.

"निघेल. हातानेच काढू. मी शिकवतो. रोज संध्याकाळी, ऊन उतरलं की."

"आणि घेणार किती?"

"चहा."

फुकट! मग तर नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं. मी त्याच्या वर्कशॉपच्या मालकांना फोन केला. मालक म्हणाले, मुलगा सोन्यासारखा आहे. मालक दुसरं काय म्हणणार? तरी मी हो म्हणाले. दुसरा मार्गच नव्हता.

मंगळवारी आम्ही गाडी फक्त धुतली. दोन बादल्या — एक साबणाची, एक फडकं विसळायची. बुधवारी त्याने फोमची मऊ गादी माझ्या हातात दिली, तिच्यावर पॉलिशचे चार थेंब टाकले आणि बॉनेटवर कागदी टेपने वितीएवढा चौकोन आखला.

"एवढंच?"

"आधी एवढंच. हे जमलं तर पुढे जायचं. आडवं चोळा, मग उभं. गोल नाही."

मी चोळलं. दोन मिनिटांत हात आपोआप गोल फिरायला लागला.

"गोल नाही," तो म्हणाला.

"सवय आहे हो."

"दिसतंय." त्याने माझ्या मनगटाकडे हात नेला... आणि मधेच थांबवला. "धरू का? म्हणजे... दिशा दाखवायला."

एवढा सभ्य कशाला वागतोय, असं माझ्या मनात आलं. पण मान हलली ती होकारार्थी. त्याची बोटं खरखरीत होती आणि पकड अगदी हलकी. आडवं, आडवं, आडवं... मग उभं. आम्ही दोघंही त्या चौकोनाकडेच बघत होतो. जरुरीपेक्षा जास्तच.

टेप काढून त्याने टॉर्च मारला. चौकोनाबाहेर जाळंच जाळं आणि चौकोनात नुसता काळा रंग, पाण्यासारखा. त्यात माझा चेहरा होता आणि शेजारी त्याचा.

"ही एक राहिली," मी एका रेघेवर बोट ठेवलं.

"नख फिरवा. अडकतंय?"

"थोडं."

"मग तिच्या नादी लागू नका. खोल आहे ती. तिच्यामागे लागलात तर रंगच पातळ होईल."

"तुम्ही सगळं एवढं सोडून देता?"

"तुम्ही संशय कधीच सोडत नाही का? रक्त देणारे तुमच्यावर विश्वास ठेवतात ना? पहिल्या भेटीत, बाही वर करून?"

"ठेवतात, आणि मी त्यांना टोचते. तुम्हाला कोण सांगतं माझ्यावर विश्वास ठेवायला?"

"मला तर केव्हाच टोचून झालंय," तो म्हणाला आणि घाईघाईने फडकं झटकायला लागला.

गुरुवारी मी एक गोष्ट ऐकली. चहा घेऊन जिना उतरत होते. तो पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. "नाही हो... तिला अजून काही कळलेलं नाही. शनिवारपर्यंत ओढतो ना मी!"

चहाचे कप हातात तसेच.  बघा! मी म्हणत नव्हते? शनिवारी गाडी लखलखीत होणार आणि शनिवारीच पळवणार! आणि मी मूर्ख, कालपासून याची बोटं आठवत बसले होते. खरं सांगते, गाडीपेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

त्या दिवसापासून किल्ली माझ्या कमरेला. तो म्हणाला, "गाडी जरा पुढे घेऊ का, उजेडात?" मी म्हणाले, "ढकलू आपण." आणि खरंच ढकलली! तो घामाघूम झाला, पण का म्हणून त्याने एकदाही विचारलं नाही.

शनिवारी शेवटचा दरवाजा झाला. मी पवित्रा घेऊन तयार, ओरडायला शब्दही तयार. तो मात्र फडकी घडी करून पिशवीत भरत राहिला. मग म्हणाला, "झालं. आता कोरडं फडकं लावायचं नाही. बरं... येतो." दोन पावलं गेला, वळला, काहीतरी बोलणार असं वाटलं... आणि निघून गेला. गाडी तिथेच. किल्ली माझ्या कमरेला. आणि मला इतकं रिकामं वाटलं की काय सांगू.

रविवारी आत्या आली. बॅग खाली न ठेवताच छपराखाली गेली, चष्मा पुसला आणि गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"ही एवढी चांगली कशी?"

"चांगली ठेवली ना मी."

"मी दिली तेव्हासुद्धा एवढी चांगली नव्हती." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "ठीक आहे. पुढच्या सोमवारी कागद तुझ्या नावावर करू. तोवर रोज बघणार आहे मी."

मी उड्या मारायला हव्या होत्या. पण सोमवार गेला, मंगळवार गेला, त्याचा फोन नाही. का करेल? काम संपलं होतं. आणि मी कुठल्या तोंडाने करू? आठवडाभर चोर समजून गाडी ढकलायला लावली त्याला!

बुधवारी सकाळी, आत्या आंघोळीला गेल्यावर, मी कोरडं फडकं घेतलं. मागच्या दरवाजावर, वितीएवढ्या जागेत, डोळे मिटून... गोल, गोल, गोल. मग त्याला फोन केला. "थोडं राहिलंय वाटतं."

तो वीस मिनिटांत हजर. गुडघे टेकून त्याने टॉर्च मारला आणि रेघांवरून हवेतच बोट फिरवलं.

"हे राहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "हे आजचं आहे. आणि डाव्या हाताचं."

"असेल."

"एकाच जागी दहा-बारा वेळा. मुद्दाम."

"अहो, दुसरं काही सुचलं नाही मला!" मी फडकं मुठीत चुरगाळलं. "तुम्ही यायला हवे होतात. मला तुम्ही आवडता. गाडी चोरायला आलात असं वाटत होतं तेव्हासुद्धा... आवडत होतात."

त्याने टॉर्च बंद केला. कान लालबुंद झाले होते.

"मलाही एक सांगायचंय. वर्कशॉपमध्ये मशीन आहे. अख्खी गाडी तीन-चार तासांत झाली असती. मालक रोज फोन करायचे, मशीन का नेत नाहीस म्हणून. मी म्हणायचो, तिला अजून काही कळलेलं नाही..."

"...शनिवारपर्यंत ओढतो," मी म्हणाले.

"ऐकलंत?"

"मग आणलं का नाही मशीन?"

"मशीनला दोन माणसं लागत नाहीत ना," तो म्हणाला. मग माझ्या डाव्या हातातलं फडकं त्याने हळूच काढून घेतलं आणि हात तसाच धरून ठेवला. "वेडी आहेस का गं तू? गाडी नावावर होणार होती ना तुझ्या?"

अहोचं अगं कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"काय गं?" वरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला. "गाडीला काय झालं?"

खोटं बोलता आलं असतं. किल्लीही वाचली असती. पण हात त्याच्या हातात होता आणि मला आज काही लपवायचंच नव्हतं.

"चरा पडलाय, आत्या! मीच पाडला! मुद्दाम!"

खिडकीचं दार पूर्ण उघडलं. मग चष्मा दिसला, मग अख्खी आत्या.

"आणि हा कोण?"

"हा... काढून देणारा."

"किती दिवस लागतील?"

"आठवडा," तो खालून म्हणाला.

"एवढ्याशा चऱ्याला आठवडा? कुठेतरी पाणी मुरतंय." आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "किल्लीचं मग बघू. आधी त्याला वर घेऊन ये. मला जरा उजेडात बघू दे."

आणि रंगाऱ्याने घाईघाईने केस सारखे केले.