टाकीवर बसलेली

देवपूजा झाल्याशिवाय मी सकाळी पाणीही घेत नाही. खोटं लिहून पाप कशाला लावून घेऊ? हे आमच्याच घरात घडलं.

१९९८ सालचा कार्तिक महिना. मखमलाबादचा रस्ता.

माझा थोरला भाऊ, नाथादादा, पंचवटीत शेवंती विकून मोटरसायकलवर घरी येत होता. दिवेलागणीची वेळ. समोरून टेम्पो आला...

दादा जागीच गेला.

वळणावरचा चहावाला सहादू निरोप घेऊन धावत आला. घरात आकांत झाला. तो मात्र दारातच उभा.

"पोरगी आली का घरी?"

"कोणती पोरगी?"

"टाकीवर बसली व्हती ना. लाल फ्रॉक, दोन वेण्या. हँडल धरून..."

भागूवहिनी रडता रडता थांबली.

त्यांची नवसा अशीच बसायची. नवसाने झालेली, एकुलती एक.

ती वर्षापूर्वीच तापाने गेली होती.

पुढे भरपाईचा दावा लागला. टेम्पोवाला गोटीराम म्हणाला, "मी जोरात होतो, कबूल. पण त्यानंबी पोर पुढं बसवलेली. हँडल वळलंच नाय." सहादूचीही साक्ष तीच. म्हणजे चूक दोघांची, भरपाई अर्धी.

वहिनीला दुसरा आधार नव्हता. वाट्याने केलेला मळाही सुटला होता.

आमचे वकील म्हणाले, "मुलगी होती, गेली, यातलं काही बोलू नका. गोंधळ होईल. मला मूलबाळ नाही, एवढंच सांगा."

नवसा गेल्याची नोंद आम्ही कुठे केलीच नव्हती. सगळं वहिनीच्या शब्दावर होतं.

ती रोज संध्याकाळी चुलीपुढे घोकायची. "मला मूलबाळ नाय..."

आणि अंगणात हॉर्न वाजायचा.

दोनदा. आखूड.

घरी पोचल्यावर नवसा वाजवायची तसा.

मी दार उघडायचे. अंगण रिकामं. मोटरसायकल तर चेपलेली, पोलीस ठाण्यात पडून.

मी भीतीने स्तोत्र म्हणू लागायचे. वहिनी माझा हात धरायची.

"वन्सं, नका म्हणू. घाबरंल ती."

साक्षीचा दिवस आला. समोरच्या वकिलांनी विचारलं, "बाई, तुम्हाला मुलगी आहे?"

मी मनात देवाचा धावा करत होते. म्हण गं बाई, नाही म्हण...

वहिनी माझ्या शेजारच्या जागेकडे बघत होती.

तिथे कुणीच नव्हतं.

"हाय," वहिनी म्हणाली. "तिच्याबिगर ते गाडी काढीतच नव्हते."

आमच्या वकिलांनी कपाळावर हात मारला.

भरपाई अर्धी कापली गेली. अर्धी चूक दादाची ठरली.

कोर्टाबाहेर गोटीराम वहिनीच्या पायाशी बसला. "बाई, मग ती गेली कुठं? मी टेम्पोखाली वाकून वाकून पाह्यलं. अजून झोप नाय मला."

"बापाबरोबर गेली," वहिनी म्हणाली. "तू झोप आता."

तिच्या आवाजात राग नव्हता. वहिनी पुढे लोकांच्या मळ्यात फुलं तोडत राहिली. कधी कुरकुरली नाही.

मलाच चैन पडत नाही. हँडल तिच्या हातात होतं, असं दोघांनी शपथेवर सांगितलं. ती बापाला वाचवायला आली होती, की न्यायला?

देवापुढे बसले की दादासाठी शांती मागते.

तिच्यासाठी काय मागू... ते अजून कळत नाही.