रोखून ठेवलेल्या दुसऱ्या प्रती

पहिल्या दिवशी प्रिंटर खरंच अडला होता, देवाशपथ. मोठ्या कॉम्प्युटरचा ऑपरेटर वरच्या मजल्यावरून गोदामात आला, त्याने चुरगळलेला कागद ओढून काढला आणि गालाला शाई फासून घेत म्हणाला, "झालं. आता तरी हसा, चलानबाई."

गोदामात चलानं काढणारी ती हसली, आणि इथेच घोळ झाला.

प्रत्येक चलानाची दुसरी प्रत निघायची, ती कुणी मागतही नव्हतं. या प्रती ती छापायच्या रांगेतच रोखून ठेवू लागली. मग लाडात फोन... "अहो, पुन्हा अडलंय हो." तो यायचा, कागदाचा ट्रे उगाच काढून परत घालायचा आणि तिच्या वाटणीचा चहा पिऊन जायचा. प्रती तशाच पडून राहायच्या. पडू देत, त्यांना काय खायला घालायचंय, असं तिला वाटायचं.

एका सकाळी सगळा कारभारच ठप्प झाला. ट्रक भरून उभे, ड्रायव्हर तावातावाने भांडतायत, आणि चलान एकही निघेना. साहेब ऑपरेटरला घेऊन थेट तिच्या टेबलाशी आले.

"वरचं मोठं मशीन बिघडलेलं नाही," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "एकेक चलान म्हणजे मशीनला एकेक काम. काम संपलं तरी त्याचा कागद रांगेत असेपर्यंत मशीन ते मोजतच राहतं. मोजणी काठोकाठ भरली, आता नवं काम घेत नाही."

"कुणाचे कागद?" साहेबांनी विचारलं.

ती मनात म्हणाली, नोकरी गेली, अब्रूही गेली. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं.

"चूक माझी, साहेब. रांग साफ ठेवणं माझं काम."

"जेवायच्या आधी केबिनमध्ये ये. तुझा निकालच लावतो," म्हणत साहेब तरातरा निघून गेले.

त्याने रांग मोकळी करायला घेतली. प्रिंटर खडखडला, बाहेर पहिला ट्रक हलला. ती त्याच्याजवळ सरकली.

"खोटं का बोललात? ते सगळं मी..."

"माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं."

"काय?" तिला खुर्चीच धरावी लागली. "मग तेव्हाच का नाही पुसलंत?"

"वर बसल्या बसल्या पुसता आलं असतं. पण मग..." तो कानापर्यंत लाल झाला. "खाली कशाला आलो असतो?"

इतके दिवस आपण याला बनवतोय, या गुर्मीत ती होती.

"शेवटची एक प्रत उरलीये," तो हळूच म्हणाला. "ठेवू?"

तिने हात पुढे करून ती स्वतःच पुसून टाकली.

"आधी साहेबांकडे चल. खरं काय ते मी सांगते. तुझी नोकरी माझ्यापायी जायला नको."

"आणि तुमची गेली तर?"

"तर घरचा पत्ता देते," ती म्हणाली. "तिथे प्रिंटर नाही. नुसता ये."

आता खुर्ची त्याने धरली.