उरलेलं पुढच्या गुरुवारी

आमच्या मंडळाला लांबलचक नाव आहे, पण ते फक्त पाटीवर. बोलताना सगळे नुसतं 'गुरुवार' म्हणतात. साठी उलटलेले चाळीसेक जण दर गुरुवारी चार वाजता वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जमतात आणि कुठल्या तरी धंद्यातला माणूस येऊन चाळीस मिनिटं बोलतो. छत्र्या दुरुस्त करणारा आला होता. तो म्हणाला, माणसं छत्री विसरत नाहीत, टाकून जातात. सापवाला आला तेव्हा त्याची पिशवी जरा हलली आणि पुढच्या दोन रांगा मागच्या दोन रांगांच्या मांडीवर जाऊन बसल्या. लाँड्रीवाल्यानं खिशांतून काय काय निघतं ते सांगितलं, तर आमच्या तीन सभासदांशी त्यांच्या बायका आठवडाभर बोलल्या नाहीत.

मी चिटणीस. वक्ते गाठायचे, त्यांना जिना चढवून आणायचं आणि वेळ झाली की टेबलावरची पितळी घंटा वाजवायची, ही माझी कामं. घंटा झाली की वक्त्यानं वाक्य असेल तिथं सोडायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि अध्यक्षांनी म्हणायचं, "उरलेलं पुढच्या गुरुवारी!" हा आमचा जुना विनोद. पुढच्या गुरुवारी दुसराच कोणी येतो, हे सगळ्यांना माहीत. वक्ता फारच रटाळ निघाला तर अध्यक्ष डावी भुवई उचलत, मग मी घंटा लवकर वाजवायची, अशीही एक खूण होती.

अध्यक्ष म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. शहराच्या मध्यावर त्यांची आठ मजली इमारत, सगळी कार्यालयांना भाड्यानं दिलेली. तिच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात मी तीस वर्षं काढली. भाऊजी स्वभावानं वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं. चार माणसं जमली की माझ्यावरून एक विनोद ठरलेला. "आमचा मेहुणा म्हणजे भिंतीवरचं बंद घड्याळ. दिवसातून दोनदाच बरोबर." मीही हसायचो. हसण्यावारी नेण्यात माझा हात कोणी धरला नसता.

नऊ वर्षांपूर्वी त्या इमारतीतली लिफ्ट पाचव्या मजल्यावरून खाली आली. सोमवार होता, सकाळचे पावणेनऊ. आत एकटी टायपिस्टबाई होती. ती वाचली नाही. चौकशी झाली. लिफ्टचा मेकॅनिक म्हणाला, मी शनिवारी लेखी कळवलं होतं. कार्यालयानं जबाब दिला, असं पत्र आलंच नाही. पोच त्याच्याकडे नव्हती. ठपका त्याच्यावर आला, परवाना गेला, विषय मिटला.

यंदा कोणीतरी सुचवलं, एकदा लिफ्टवाल्याला बोलवा. मी बोलावला. येणारा माणूस तोच निघेल हे मला ठाऊक नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे भाऊजींना एक तासभर घाम फुटलेला बघायचा होता, एवढीच माझी हौस. तीस वर्षांचे विनोद एका दुपारी वसूल.

मेकॅनिक आला. वाळलेला, इस्त्रीच्या शर्टातला. भाऊजींचा चेहरा खडूसारखा झाला. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तोही मोठ्या अदबीनं.

तो छान बोलला. बोलताना मधूनच उजवा तळवा पँटवर वरून खाली पुसायचा, ग्रीस लागलंय असं समजून. लिफ्टच्या उलट बाजूला वजन लावून ती कशी तोललेली असते, दोर किती असतात, लोकांना भीती कशाची वाटते आणि वाटायला कशाची हवी. चार वाजून तेवीस मिनिटांनी तो म्हणाला, "आता एका लिफ्टबद्दल सांगतो. दोर काही एकदम—"

मी घंटा वाजवली.

लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. चहा लवकर आला म्हणून दोघंतिघं खूशही झाले. मेकॅनिक हातातल्या कागदाकडे बघत उभा राहिला. "माझं संपलं नाही," तो म्हणाला.

"उरलेलं पुढच्या गुरुवारी!" भाऊजी म्हणाले. आवाज चिरका निघाला.

मेकॅनिकनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "शब्द दिलात." चहा न घेता गेला. मंगळवारी तो घरी खुर्चीत बसल्या बसल्या वारला, असं कळलं.

त्या गुरुवारी दातांच्या डॉक्टरबाई होत्या. चटपटीत बाई, हिरड्यांवर असं बोलत होत्या की प्रत्येकाची जीभ आपापल्या तोंडात फिरत होती. बोलता बोलता त्या थांबल्या. उजवा तळवा कोटावर वरून खाली पुसला आणि म्हणाल्या, "दोर काही एकदम तुटत नाही. आधी एकेक तार तुटते, हात फिरवला की बोटाला टोचते." आणि लगेच, "तर जेवण झालं की चूळ भरायची."

लोकांना वाटलं, काहीतरी उपमा असेल. मागच्या बाकावरच्या निवृत्त मास्तरांनी दादसुद्धा दिली. मी घड्याळ पाहिलं. चार तेवीस.

पुढचा मधमाश्या पाळणारा. राणीमाशीबद्दल रंगात आला होता. थांबला, तळवा पुसला. "चारही दोरांच्या तारा गेल्या होत्या. खालचा ब्रेक गंजून जाम झालेला. शनिवारी दुपारी मी लिफ्ट बंद केली आणि दाराला पाटी लावली." मग पुन्हा राणीमाशी. नंतर जिन्यात मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "लिफ्ट? अहो, मी माश्यांबद्दल बोललो." आणि मलाच माशी डसल्यासारखं माझ्याकडे पाहू लागला.

खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. अंगावर काटा येत होता, पण मजाही वाटत होती. भाऊजी पहिल्या रांगेत बसून चार वीसपासून खुर्चीचे हात धरून ठेवत. मी पुढचा वक्ता मुद्दाम खणखणीत आवाजाचा गाठला, स्टेशनावर घोषणा करणारा. त्यानं ठरल्या मिनिटाला, गाडी सुटल्याची घोषणा करावी तसं सांगितलं: "सोमवारी सकाळी येऊन पाहतो तर पाटी काढलेली. लिफ्ट चालू."

त्या संध्याकाळी भाऊजींनी मला घरी बोलावलं. ताई आत होती. ते हळूच म्हणाले, "लिफ्ट चालू कर, असं मीच सांगितलं होतं ना तुला फोनवर? सोमवारी पाहुणे यायचे होते म्हणून."

"तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हणालो. गोड वाटलं म्हणायला.

"आता न बोलणारा माणूस आण. मुकाट करून दाखवणारा कोणी. बघू काय करतो ते."

मी आणली. बहिऱ्या मुलांना खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाई. स्वतःलाही ऐकू-बोलता येत नव्हतं. त्या हातांनी बोलत आणि शेजारी उभी राहून त्यांची धाकटी बहीण आम्हाला शब्दांत सांगत असे. हसरी जोडी होती. एकीच्या हातांचा विनोद दुसरीच्या तोंडून येईपर्यंत आम्ही आधीच हसत असू.

चार तेवीसला हात थांबले. उजवा तळवा मांडीवर वरून खाली गेला. मग बोटं पुन्हा चालू लागली, पण मघासारखी नाचरी नाहीत. जड, जाड, गाठी असलेली.

"मी शनिवारीच पत्र लिहिलं होतं," धाकटी सांगू लागली. "दोन पानी. त्यात लिहिलं होतं, या लिफ्टमध्ये माणूस चढवू नका, माणूस मरेल. ते पत्र मी—" ती बहिणीकडे वळली. "अगं ताई, हे काय सांगतेस?"

थोरली स्वतःच्या हातांकडे बघत होती. दुसऱ्याचे हात कोणी चुकून आपल्या मांडीवर ठेवून जावेत, तसं.

पहिल्या रांगेत भाऊजींनी मान वळवली. टेबलाकडे. माझ्याकडे.

"खरंच पत्र आलं होतं का रे?" जिना उतरताना त्यांनी विचारलं.

"भाऊजी, मेलेल्या माणसाच्या गोष्टी काय ऐकता!"

"मी तुला विचारतोय."

"नव्हतं आलं."

ते दोन पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "पुढच्या गुरुवारी बाहेरचा कोणी नको. मी बोलतो. त्याचं उरलेलं माझ्या तोंडून येऊ दे. नऊ वर्षं मी ते मरण माझ्या एकट्याच्याच माथी आहे असं समजून उराशी धरलंय. पत्र होतं की नव्हतं, तेवढं एकदा कळू दे."

इथं मजा संपली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भरदुपारचं ऊन पडलं होतं. मी त्यांना डॉक्टरांची भीती घातली, रक्तदाबाची घातली. हॉलला रंग काढायचा म्हणून एक गुरुवार रद्द करायचा प्रयत्न केला. सभासद म्हणाले, रंग गेला खड्ड्यात, अध्यक्ष बोलणार आहेत. ताईसुद्धा आली ऐकायला, दुसऱ्या रांगेत.

भाऊजी इमारतीबद्दल बोलले, भाडेकरूंबद्दल, सुरुवातीच्या दिवसांबद्दल. मी चार वाजून अठरा मिनिटांनीच घंटा वाजवली. टाळ्या झाल्या. भाऊजी चक्क खाली बसले. दमलेही होते. मी चहावाल्याला हात केला. कप आले, बिस्किटं आली, खुर्च्या सरकल्या, गलका झाला. चार बावीसला मी दोन बिस्किटं एकदम तोंडात टाकली.

भाऊजी उठले.

उजवा तळवा पँटवर वरून खाली गेला.

गलका आपोआप थांबला. कोणीतरी कप बशीत ठेवला, तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"ते पत्र मी मालकांना दिलं नाही," भाऊजी म्हणाले. आवाज त्यांचाच, सावकाशपणा दुसऱ्याचा. "मालक नव्हते. ऑफिसात एकच माणूस होता. त्यानं पत्र घेतलं. माझ्यासमोर दोन्ही पानं वाचली."

मी घंटा वाजवली.

टाळ्या वाजल्या नाहीत.

"पोच मागितली, तर म्हणाला, सोमवारी देतो."

पुन्हा वाजवली. पुन्हा. माझा हात थांबेना. मागच्या बाकावरचे मास्तर म्हणाले, "अहो, बोलू द्या की त्यांना!"

"पत्र त्यानं खणात टाकलं. पाटी त्यानंच काढली. मालकाला पत्राचं काही सांगितलं नाही. आणि माझ्या गुरुवारी," भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं, "मालकानं भुवई उचललीच नव्हती."

नव्हती. खरं आहे.

त्या शनिवारी सकाळी, सगळ्या ऑफिससमोर भाऊजी म्हणाले होते, "मेहुण्याला पत्र वाचता येतं, कळत नाही." दुपारी मेकॅनिक पत्र घेऊन आला. मी म्हटलं, ठीक आहे, नाही कळलं. सोमवारी बडे पाहुणे येतील, लिफ्ट मध्येच अडकेल, तासभर लटकतील, मग कळेल कोणाला काय कळतं ते. पाहुणे दहाला यायचे होते. टायपिस्टबाई रोज पावणेनऊला येते, हे मला माहीत होतं. रोज तिला मीच नमस्कार करायचो. त्या सोमवारीही केला.

भाऊजी खाली बसले. "आलं होतं," एवढंच म्हणाले, या वेळी अगदी स्वतःच्या सुरात, आणि चेहरा हातांत घेतला. ताईनं त्यांना उठवून नेलं. माझ्या टेबलाजवळून जाताना तिनं पदरसुद्धा लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब लिहून दिला. स्वतःचा आणि माझाही. मला बोलावणं यायचं आहे. मी घरात बसून असतो. दार वाजलं तरी उघडत नाही.

काल दार वाजलं नाही. ताईकडे किल्ली आहे. ती आत आली, समोरच्या खुर्चीत बसली. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ती गुडघ्यांबद्दल बोलली, भाऊजी जेवत नाहीत म्हणाली, "तूही वाळलायस रे," म्हणाली. बोलता बोलता थांबली.

सत्तर वर्षांत ताईनं मला 'अरे तुरे'शिवाय हाक मारलेली नाही.

"माझं बोलून झालं," ती शांतपणे म्हणाली. "आता थोडे प्रश्न. आपण माझं पत्र वाचलंत. त्या दुपारी नंतर जेवलात का?"

मी ओठ घट्ट मिटले होते. दातांवर दात दाबून धरले होते.

"हो," माझ्या तोंडून गेलं. "पोटभर."

ताईनं मान डोलावली, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि म्हणाली, "ठीक. दुसरा प्रश्न."