दुसरी सही

हात नीट धुतलेस का? दाखव बघू. हं, अंगठ्याला राहिलीय अजून शाई, ती दोन दिवस काही जाणार नाही. बस इथे, ताईच्या शेजारी. आणि ताईसाहेब तुम्ही, सोमवारी ठसे तपासणीच्या ऑफिसात रुजू व्हायचंय म्हणून आजपासूनच बहिणीची दहाही बोटं काळी करून ठेवलीत. सरावाला घरातलं माणूस बरं सापडतं, बिचारं पळून पळून कुठे पळणार. रागावत नाही गं मी. एकतीस वर्षं त्याच ऑफिसात ठशांचे फोटो काढले, मला ठाऊक आहे. नवीन आलेला प्रत्येक जण आधी घरच्यांनाच धरतो. ती दहा बोटांची स्लिप मात्र जपून ठेव. तारीख घाल तिच्यावर. का, ते सांगतो. दिवा राहू दे बंद, उगाच किडे येतात.

आमच्या ऑफिसात एक तपासनीस होता. सगळे त्याला भिंगवाला म्हणायचे, कारण शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, भिंग हवं. जेवणाच्या सुट्टीत सुद्धा काचेच्या ग्लासवरचे ठसे बघत बसायचा. मी म्हणायचो, अरे, घास तरी घे, ग्लास पळून जात नाही. हसायचा. लग्न केलं नाही. घरी आई आणि त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे धाकट्याला यानेच वाढवलेला. तो याला दादा म्हणायचा आणि खरं सांगायचं तर बापासारखा घाबरायचा.

नोकरीला लागला तेव्हा यानेही तुझ्यासारखंच केलं. सोळा वर्षांच्या धाकट्याला समोर बसवलं, काचेच्या पाटीवर शाई पसरली आणि एकेक बोट कागदावर फिरवलं. यात एक मेख असते, ताई, तुला कळली असेलच. समोरचा माणूस मदत करायला जातो. स्वतःच बोट फिरवतो आणि ठसा फिसकटतो. "बोट सैल सोड रे, मी फिरवतो," असं हा शंभरदा म्हणाला असेल. धाकट्याचं बोट काही सैल सुटायचं नाही. शेवटी एक स्लिप छान आली. त्या आनंदात याचा धक्का लागून काचेची पाटी खाली पडली, फुटली. धाकटा तुकडे उचलायला वाकला आणि उजव्या अंगठ्याचं पेर आडवं कापलं. टाके पडले. आईने मोठ्यालाच झोडपला. व्रण मात्र राहिला तो राहिलाच.

आता पुढे ऐक. धाकटा मोठा झाला, पण कुठे टिकेना. चौथी नोकरी सुटली, तरी रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा आणि दिवसभर बागेत बसून यायचा. एक दिवस भिंगवाल्याला कळलं. नोकरी गेल्याचं दुःख नव्हतं, खोटं बोलल्याचा राग होता. आईच्या देखत म्हणाला, "चालता हो. मला पुन्हा तोंड दाखवू नकोस." धाकटा चपला घालून निघाला. डबा तिथेच ओट्यावर राहिला.

एकोणीस दिवस. तक्रार दिली, ओळखीपाळखीचे पालथे घातले, पत्ता नाही. आई रात्री दाराला कडी लावू देईना. आणि या एकोणीस दिवसांत शहरात जे जे बेवारस प्रेत सापडलं, त्याचे ठसे घ्यायला हाच जायचा. दुसऱ्याची पाळी असली तरी हाच. ती जुनी स्लिप पाकिटात घालून. सात वेळा गेला, सात वेळा ठसा नाही जुळला. दर वेळी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहायचा. मी विचारायचो, सुटलास ना? तर म्हणायचा, "सुटलो की अडकलो, तेच कळत नाही."

अकरा नोव्हेंबर, सोमवारची रात्र. मी रात्रपाळीला, तोही. बारा चाळीसला शवागारातून फोन आला. नदीतून काढलेला एक माणूस पाच दिवस तिथे पडून होता, आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं, आणि आज तिथलं थंड करायचं मशीन बंद पडलं होतं. सकाळी सहाला गाडी येणार, नंबर लावून पुरणार. त्याआधी ठसे घेऊन टाका, म्हणाल्या रजिस्टरवाल्या बाई. हा उठला. बॅग घेतली, पाकीट चाचपलं, निघाला. मी सोबत येतो म्हणालो. "फोटो नंतर लागतील, तू बस," म्हणाला.

तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. एकदाच. जसं सांगितलं तसं सांगतो.

माणूस फार दिवस पाण्यात राहिला की चेहरा काही ओळखू येत नाही. या माणसाचाही आला नाही. ज्याला तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं... असो. हाताची कातडी अशा वेळी हातमोज्यासारखी सुटून येते. मग तपासनिसाला एकच उपाय असतो. तोंड वाकडं करू नकोस, धाकटे, ताईला हे सगळं शिकवणार आहेत. आपल्या हातात रबरी हातमोजा घालायचा. त्याच्या बोटावर त्या मेलेल्या माणसाच्या बोटाची कातडी चढवायची. आणि आपलंच बोट असल्यासारखा ठसा उठवायचा.

त्याने उजव्या अंगठ्याची कातडी आपल्या अंगठ्यावर चढवली. शाई लावली. कागदावर टेकवली. फिरवायला लागला.

बोट फिरेना.

म्हणजे फिरत होतं... पण त्याच्या आधी. तो डावीकडून सुरुवात करणार, तर बोट आपणच पुढे गेलं. थोडं ताठ. मदत केल्यासारखं. ठसा फिसकटला. दुसरा कागद घेतला. पुन्हा तेच. खोलीत हा एकटा. बाई बाहेर, दार लोटलेलं.

त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "बोट सैल सोड रे... मी फिरवतो."

बोट सैल पडलं.

ठसा स्वच्छ आला. आडव्या व्रणासकट.

दोनच्या सुमाराला तो ऑफिसात आला. माझ्याशी बोलला नाही. कातडी बाटलीत घालून, सील करून तिथेच ठेवून आला होता. टेबलावर दोन कागद ठेवले, हा नवा ठसा आणि ती जुनी स्लिप, आणि भिंग लावून बसला. मी समोर. एक रेषा जुळली की तो टेबलावर बोट टेकवायचा, ती त्याची सवय होती. मी मोजत गेलो. चार. सात. अकरा. चौदा... मग हात थांबला. भिंग खाली ठेवलं.

मग म्हणाला, "स्लिपवर व्रण नाही. याला आहे. फरक आहे."

आता हे नीट समजून घे, ताई. नियम असा की चौदा काय, वीस खुणा जुळल्या तरी एक फरक असा निघाला ज्याचं कारण सांगता येत नाही, तर तो ठसा जुळला म्हणता येत नाही. नियम बरोबरच आहे. पण याला कारण माहीत होतं. जगात दोन माणसांना माहीत होतं ते, त्याला आणि आईला. काच स्लिपनंतर फुटली होती.

दुसरा नियम ऐक. जुळलं म्हणायला दोन सह्या लागतात. एकाने बघायचं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून बघायचं. जुळत नाही म्हणायला एकच सही पुरते. दुसऱ्या सहीची चौकट रिकामी सोडली तरी चालते.

त्याने लिहिलं, जुळत नाही. सही केली.

मी म्हणालो, "अरे, पण..." तर त्याने हात वर करून मला थांबवलं. "आई मरेल रे," म्हणाला. "दार उघडं ठेवून बसते ती. मी तिला काय सांगू? मी हाकलला आणि तो नदीत गेला, असं सांगू? अजून कुठेतरी आहे, एवढं तरी राहू दे तिला." मी त्याला अडवायला हवं होतं. नाही अडवलं. ते माझ्याकडे लागतं.

दोन पन्नासला मी त्या कागदाचा फोटो काढला. प्रत्येक अहवालाचा काढतोच. चौकट रिकामी होती, फोटोत आहे. तोच फोटो शवागाराच्या बाईंना पाठवला. फाईल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. कपाटाला पाठ लावून बाकावर आडवा झालो. झोप कसली लागतेय, पण हललो नाही तिथून.

हा साडेतीनला घरी पोचला. दार उघडंच. आई अंधारात खुर्चीत बसलेली.

"हळू," म्हणाली. "आत्ताच गेला."

"कोण?"

"धाकटा."

"तुला स्वप्न पडलं, आई."

"असेल. पण अंगठ्याची जखम उघडलीय बघ त्याची. म्हटलं, आण इकडे, फुंकर घालते. तर हात देईना. गार पडला होता रे. म्हटलं, इतके दिवस होतास कुठे?"

हा दारातच उभा.

"तर म्हणाला, दादाला माहीत आहे."

आई त्याच्याकडे बघत राहिली. तो बसला नाही, आत गेला नाही. किती वेळ उभा होता, त्याचं त्यालाही सांगता आलं नाही.

पावणेपाचला माझा फोन वाजला. "फाईल घेऊन शवागारात ये. मी खोटं लिहिलंय."

मी पोचलो तेव्हा वीस मिनिटं कमी होती सहाला, आणि गाडी लागलेली. स्ट्रेचर अर्धं आत गेलेलं. भिंगवाल्याने त्याची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवलेली. रजिस्टरवाल्या बाई म्हणत होत्या, "अहो, तुमचाच कागद आहे. तीन वाजता आलाय माझ्याकडे. आता जुळतं म्हणताय, तर दुसरी सही आणा."

"दुसरे साहेब दहाला येतात. दहापर्यंत ठेवा हो."

"कुठे ठेवू? मशीन बंद आहे. आणखी चार जण आहेत आत. दादा, मला वाईट वाटतं, पण नियम तुमच्याच ऑफिसाचा आहे."

"माझा भाऊ आहे तो."

"मग रात्री का नाही लिहिलंत?"

इतका मोठा माणूस, पण तिथे ड्रायव्हरच्या पाया पडायला निघाला. मी धरला त्याला. मी आयुष्यात कुणाला इतकं लाचार झालेलं बघितलं नाही, बघायची इच्छाही नाही.

बाईंनी माझ्या हातातून फाईल घेतली. "ही बघा तुमची सही," म्हणून उघडली.

आणि थांबल्या.

"हे काय आहे?"

मी वाकून बघितलं. दुसऱ्या सहीच्या चौकटीत... अंगठा होता. काळा. स्वच्छ फिरवलेला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. शाई ओली होती, समोरच्या पानाला लागली होती.

ड्रायव्हरने गाडी बंद केली.

बाई म्हणाल्या, "सहीच्या जागी अंगठा असलेला कागद मी रजिस्टरला लावू शकत नाही. घोटाळा आहे हा. साहेब येऊन बघेपर्यंत हे प्रेत इथून हलणार नाही. बर्फ मागवा." गाडी रिकामी गेली.

दहाला साहेब आले. पहिल्यापासून बघितलं. भिंगवाल्याने काचेची हकिकत सांगितली, आईने टाक्यांची सांगितली, फरकाचं कारण मिळालं. ठसा जुळला. दोन सह्या झाल्या. भाऊ नावानिशी गेला, नंबराने नाही. बाईंनी चेहरा झाकून फक्त हात बाहेर ठेवला होता, अंगठ्याला भिंगवाल्याने पट्टी बांधली होती. आईने त्या पट्टीवर फुंकर घातली. "जास्त दुखलं का रे," एवढंच म्हणाली. मोठ्याला काही बोलली नाही ती, कधीच. त्यानेही नोकरी सोडली त्या महिन्यात.

काय म्हणतेस, ताई? हां, हुशार आहेस. मलाही आधी तेच वाटलं होतं, की त्यानेच ती कातडी घालून अंगठा उठवला असणार. किल्ली माझ्याकडे होती, बाटलीचं सील शाबूत होतं, पण ते सोड. माणूस काहीही करू शकतो. म्हणून साहेबांनी चौकटीतला तो अंगठाही भिंगाखाली घेतला. धाकट्याचाच. एकूण एक रेषा त्याची. पण त्या कातडीने तो उठलाच नसता.

हा घे चौकटीतल्या त्या अंगठ्याचा फोटो, माझ्यापाशी असतो. तुझं नवीन भिंग आण. लाव तो छोटा दिवा. आडवा व्रण शोध बघू त्याच्यावर.

नाही ना सापडत?

साहेबांनाही नाही सापडला. दादाने फरक काढला होता ना... म्हणून काच फुटायच्या आधीचा अंगठा देऊन गेला तो.